पाय उचलला की थांबणारा ट्रॅक्टर

सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाने ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं, की लोक पहिला प्रश्न विचारतात, "लावणार कुठे?" आमच्या सोसायटीच्या चिटणिसांनी तर प्रश्नसुद्धा विचारला नाही. जिन्यात मला गाठून म्हणाले, "पार्किंगमध्ये दुचाकीलाच जागा नाही, हे आधीच सांगून ठेवतो." मी म्हटलं, "आम्ही गच्चीवर लावणार आहोत." त्यावर त्यांनी खरोखरच मान वर करून गच्चीच्या जिन्याची रुंदी पाहिली.

ट्रॅक्टर अर्थातच लोणी काळभोरला राहणार होता. सासऱ्यांच्या वाटणीतून तिथली थोडी जमीन ह्यांच्याकडे आली होती आणि तिच्यात पेरूची बाग होती. 'हे' म्हणजे माझे यजमान. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या नोकरीत मी उभ्या महाराष्ट्राशी बोलले, पण नवऱ्याला नावाने हाक मारायचं धाडस काही झालं नाही. सगळा संसार 'अहो'वर झाला आणि चांगला झाला.

हे चिंचवडच्या एका कारखान्यात गिअर विभागात होते. लोखंडाच्या चकतीवर दाते पाडायचे, ते दुसऱ्या चकतीच्या दात्यांत नीट बसतात का ते पाहायचं, यात ह्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. त्यामुळे गिअर हेच ह्यांचं कुलदैवत. आम्ही बसने कुठे निघालो, की ह्यांचं लक्ष खिडकीबाहेर नसायचं. डोळे मिटून ऐकत बसायचे आणि स्वारगेटपर्यंत निकाल लागायचा, "दुसरा गिअर गेलाय ह्याचा. ड्रायव्हरला कळतंय, पण सांगणार कोणाला?" मी हसायचे, पण मला हसायचा काही हक्क नव्हता. मीही आयुष्यभर कानांवर हेडफोन चढवून बसलेली बाई. ट्रंक कॉल जोडताना पहिल्या 'हॅलो'वरूनच मला कळायचं, की पलीकडे बारसं आहे की बारावा. आम्ही दोघंही कानांनी जगणारी माणसं होतो, एवढं खरं.

निवृत्तीनंतरचा बेत ह्यांनी फार आधीपासून आखून ठेवला होता. बाग तोवर शेजारचे मामा निम्म्या वाट्याने पाहत. त्यांच्या शेताला आमच्या शेताचा बांध लागून होता. मामांचा मोठा ट्रॅक्टर पेरूच्या दोन ओळींमध्ये शिरला, की खालच्या फांद्या मोडून यायचा. त्या मोडलेल्या फांद्या पाहून ह्यांचा चेहरा असा व्हायचा, की जणू कोणी पोराचा हात पिरगाळलाय. म्हणून छोटा ट्रॅक्टर घ्यायचा, त्याच्या मागे माती भुसभुशीत करणारा फिरत्या पात्यांचा रोटर लावायचा आणि तो स्वतः चालवायचा. 'स्वतः' या शब्दावर फार जोर असे.

आणि मग एका सकाळी, पोहे खाता खाता, ह्यांच्या डाव्या हातातली वाटी निसटली. मला वाटलं, वेंधळेपणा. मी बोललेही काहीतरी. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठाचा एक कोपरा हललाच नाही.

अर्धांगवायूचा झटका होता. उजवी बाजू वाचली, वाचा वाचली, डाव्या हातातही हळूहळू बरीच शक्ती परत आली. पाय मात्र रुसून बसला. हे काठी घेऊन चालायला लागले, तेव्हा पाय मागून यायचा, पण न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. व्यायाम शिकवायला एक बाई येत. त्या गेल्या, की हे म्हणत, "छान शिकवतात. मी काही शिकत नाही, हा भाग वेगळा."

त्या सगळ्या काळात ट्रॅक्टरचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. मला वाटलं, तो बेत ह्यांनी मनातल्या मनात मिटवून टाकला. आणि एक दिवस दुपारच्या चहाला, बशीत बिस्कीट बुडवत हे म्हणाले, "ट्रॅक्टरचं बघायला हवं आता. पावसाळ्यानंतर बागेत तण फार माजतं."

मी कणीक मळत होते. मला इतका आनंद झाला, की मी पाठमोरीच राहिले. माणूस पुढच्या पावसाळ्यानंतरचं बोलायला लागला होता! आणि तो आनंद पुरता गिळून होतोय न होतोय तोच त्याच्या मागून भीती आली. एकट्या माणसाने, बागेच्या मधोमध, चालत्या यंत्रावर बसायचं. परत तसंच काही झालं तर? ही भीती मी कोणाला सांगितली नाही. सांगितली असती तर ती ह्यांच्या डोक्यात मी घातली, असं झालं असतं.

विक्रेत्याचं दुकान सोलापूर रस्त्यावर होतं. विक्रेते वयाने आमच्याच आसपासचे, मऊ बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी ह्यांची काठी पाहिली, पाय पाहिला, आणि काही न बोलता आम्हाला एकाऐवजी दोन ट्रॅक्टर दाखवले. दोन्ही छोटे, साधारण सारख्याच ताकदीचे. पहिला गिअरचा, मामांच्या ट्रॅक्टरचा धाकटा भाऊ शोभावा असा. डाव्या पायाला क्लच, उजव्या पायाला ब्रेक. दुसरा हायड्रोस्टॅटिक. तसले तेव्हा इकडे क्वचितच दिसत. "हे बहुतेक मोठ्या हॉटेलांच्या हिरवळीवर जातात," विक्रेते म्हणाले. "त्यात इंजिन एक तेलाचा पंप फिरवतं आणि तेलाच्या दाबाने चाकं फिरतात. क्लच नाही. गिअर टाकत बसायचं नाही. सगळं काम उजव्या पायाचं. पेडल पंजाने दाबलं की पुढे, टाचेने दाबलं की मागे. पाय उचलला की जागेवर उभा."

"आणि ड्रायव्हरच पडला तर?" मी विचारलं.

ह्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी ट्रॅक्टरच्या दिव्याकडे पाहू लागले.

"पाय सुटला की ट्रॅक्टर थांबतो, बाई. आणि रोटर फिरत असताना माणूस सीटवरून नुसता उठला, तरी इंजिनच बंद पडतं. सीटखाली तशी कळ असते."

माझ्यापुरती खरेदी तिथेच झाली होती. पण बेत ह्यांचा, जमीन ह्यांची, आणि गिअर तर ह्यांचेच. हे पहिल्यांदा गिअरच्याच ट्रॅक्टरवर चढले. चढले म्हणजे विक्रेत्यांनी आणि मी दोन बाजूंनी उभं राहून, हात न लावता, चढू दिलं. ह्यांनी डावा पाय उचलून क्लचवर ठेवला आणि उजव्या हाताने गुडघा खाली दाबला. क्लच बसला. गिअर पडला. ट्रॅक्टर निघाला आणि हे हसले. ते हसू मी कितीतरी दिवसांनी पाहिलं. आवाराच्या टोकाला वळायची वेळ आली, तेव्हा दोन्ही हात स्टिअरिंगला लागणार होते आणि गुडघा दाबायला तिसरा हात नव्हता. ट्रॅक्टर आपल्या सावकाश चालीने पत्र्याच्या कुंपणाकडे जात राहिला. विक्रेत्यांनी चालत जाऊन, अगदी शांतपणे, इंजिन बंद करायची कळ ओढली. कुंपण वाचलं. हे सीटवर तसेच बसून राहिले.

मग हायड्रोवर बसले. आवारात दोन फेऱ्या मारल्या, मागे आणले, वळवले, जिथून उचलला तिथे आणून उभा केला. एकदाही चूक नाही. खाली उतरले ते अळणी भाजी खाल्ल्यासारखं तोंड करून. "हे चालवणं नव्हे," म्हणाले, "हे बसणं आहे."

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला भांडण म्हणता येणार नाही. भांडणात माणसं खरं बोलतात. आम्ही दोघंही तांत्रिक बोलत होतो. हे म्हणायचे, तेलातून ताकद वाया जाते, निम्मी उष्णता होऊन उडते. मी म्हणायचे, आपल्याला कुठे डोंगर फोडायचाय, पेरूत रोटर तर मारायचाय. हे म्हणायचे, गिअरचा ट्रॅक्टर गावातला कुठलाही मिस्त्री उघडतो. तो पंप बिघडला तर उघडायला कोण येणार? मी म्हणायचे, ओळ संपली की वळायचं, वळलं की क्लच. दिवसभरात किती ओळी होतात ते मोजा. हे म्हणायचे, तेल महाग. मी म्हणायचे, फिजिओथेरपी काय फुकट आहे? माहितीपत्रक वाचून वाचून मला इतकं कळायला लागलं होतं, की एकदा मी ओळीत सावकाश जाताना इंजिनाचे फेरे न कमी करता वेग कसा कमी करता येतो यावर बोलले. हे कौतुकाने पाहत राहिले. मग म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण नको."

मामांनाही विचारलं. ते बांधावर बसून तंबाखू मळत होते. "वहिनी, क्लच न्हाई म्हंजी? मग त्यो थांबतो कसा?"

"पाय उचलला की."

"आन् बसल्या बसल्या डुलकी लागली तर?"

"पाय ढिला पडला तरीही थांबतो."

मामांनी थोडा विचार केला. "मंग आमच्या थोरल्याला त्योच घ्यायला पायजे. त्यो ट्रॅक्टरवर बसला की झोपतोच."

हे मोठ्याने हसले. पण घरी येताना पुन्हा डोळे मिटून बसचे गिअर ऐकत बसले, ते हडपसर आलं तरी.

एका दुपारी मी मंडईत गेले होते. भेंडी मिळाली नाही, लवकर परतले. लॅचमध्ये किल्ली फिरवून दार हळूच लोटलं, कारण ती ह्यांच्या झोपेची वेळ. हे झोपले नव्हते. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसले होते. आमचा वजनाचा काटा समोरच्या कपाटाला टेकवून उभा केला होता आणि त्याच्यावर ह्यांचा डावा पाय होता. हे पाय दाबत होते. काटा थोडा हलायचा, थरथरायचा आणि परत शून्याकडे यायचा. ह्यांचा शर्ट पाठीवर भिजला होता. ओठ हलत होते. तोंडातल्या तोंडात त्या पायाला काहीतरी सांगत होते. ऐकू आलं नाही, पण सूर मी ओळखला. आमची लेक पहिली पावलं टाकत होती, तेव्हा हे त्याच सुरात तिला बोलावत असत.

मी दार ओढून घेतलं आणि पिशवी मांडीवर घेऊन जिन्यात बसले. म्हणजे गिअरचं प्रेम वगैरे सगळं खरं होतं, पण त्यासाठी एवढा हट्ट नव्हता. ज्या ट्रॅक्टरवर डाव्या पायाला कामच नाही, तो घेणं म्हणजे हा पाय आता संपला, असं स्वतःच्या हाताने कबूल करणं होतं. सगळ्यांनी त्या पायाची आशा सोडली होती. डॉक्टरांनी, व्यायामाच्या बाईंनी, खरं तर मीसुद्धा. फक्त क्लच तेवढा अजून त्याला काम द्यायला तयार होता. मला तिथे जिन्यात बसल्या बसल्या ह्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली, की वरून चिटणीस उतरत आले आणि "ट्रॅक्टर आला वाटतं?" म्हणाले, तेव्हा मला खोचक उत्तरसुद्धा सुचलं नाही. "येईल," एवढंच म्हटलं.

रात्री जेवताना मी म्हटलं, "गिअरचाच घेऊ."

ह्यांनी घास ताटात ठेवला. "का?"

"तुम्हाला हवाय म्हणून."

"हे काही कारण नव्हे. माझा मुद्दा पटला का?"

"नाही."

"मग?"

समोरचा माणूस विनाकारण हरला, तर तेही ह्यांना चालायचं नाही! हार मानायची तर तीही मुद्देसूद मानायला हवी. मी ठरवलं होतं, गप्प राहायचं. पण त्या 'मग?'ने माझा बांध फुटला.

"मग काय मग! अहो, तुम्ही त्या ओळींमध्ये एकटे असणार. परत तसं झालं तर? तुम्ही खाली पडलात तरी तो गिअरचा ट्रॅक्टर चालत राहील. मागे रोटर फिरत असेल. तो काय तुम्हाला ओळखतो? मला तुमचं तेल कळत नाही, दाते कळत नाहीत. तुम्ही पडलात तर थांबेल असा हवाय मला. बाकी मला काही नको." आणि मी रडले. आजारपणात एकदाही रडले नव्हते, ते सगळं त्या रात्री दहीभातावर रडून घेतलं.

खुर्ची सरकवून माझ्याजवळ येणं आता ह्यांना जमत नव्हतं, म्हणून हे हात लांब करून माझ्या ताटाच्या कडेला बोटं टेकवून बसले. मग म्हणाले, "हे आधी का नाही बोललीस?"

"तुमच्या डोक्यात ती भीती घालायची नव्हती मला."

"ती माझ्या डोक्यात पहिल्या दिवसापासून आहे," हे म्हणाले. "मला वाटलं, तुझ्या नाहीये. म्हणून मी बोललो नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी विक्रेत्यांना फोन लावला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "तो हायड्रोचा नक्की करा," हे अगदी कारखान्यातल्या आवाजात सांगत होते. "नाही, पायाचा काही संबंध नाही. इंजिनाचे फेरे तेच ठेवून वेग कमीजास्त करता येतो. पेरूच्या ओळीत ते फार उपयोगी पडतं." माझाच मुद्दा, माझ्याच शब्दांत, माझं नाव न घेता. मी ओट्याजवळ उभी राहून मनसोक्त हसले.

ट्रॅक्टर आला त्या दिवशी मी त्याला हळदकुंकू लावलं, मामांनी नारळ फोडला. हे चढले आणि पहिल्या ओळीत शिरले. मागे काळी माती उकलत गेली, एकही फांदी मोडली नाही. ओळ संपली. वळताना एकदम 'धप्' असा आवाज आला. पुढच्या टोकाला परत तोच.

"सायेब पाय का आपटत्यात?" मामांनी विचारलं.

मीही पाहिलं. वळायची वेळ आली, की ह्यांचा डावा पाय आपोआप उचलला जात होता आणि जिथे क्लच असायला हवा तिथल्या पत्र्यावर आपटत होता. ज्या पायाने वजनकाट्याचं ऐकलं नाही, बाईंच्या व्यायामाचं ऐकलं नाही, तो पाय नसलेला क्लच शोधत होता. ह्यांच्या ध्यानातही नव्हतं. मी सांगितलं, तेव्हा हे पायाकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मूर्ख आहे." इतक्या लाडाने ह्यांनी मलासुद्धा कधी मूर्ख म्हटलं नव्हतं.

मग आमचा एक क्रमच ठरून गेला. आठवड्यातून दोनदा लोणीला जायचं. हे ट्रॅक्टरवर, मी बांधावरच्या चिंचेखाली भाजी निवडत, वाचत. म्हणजे पुस्तक उघडं असायचं आणि मी ऐकत असायचे. माती ओढताना इंजिनाचा आवाज जड असतो, थांबलं की हलका होतो. तेवढा फरक मला आता पेंगतानाही कळायचा. हलका झाला, की मी श्वास धरायचे. परत जड झाला, की सोडायचे.

एकदा आवाज हलका झालाच नाही. तो एकदम बंदच पडला. विक्रेत्यांचं वाक्य मला तोंडपाठ होतं. माणूस सीटवरून गेला की इंजिन बंद. मी भाजीची परात तिथेच टाकली आणि धावले. ढेकळांत एक चप्पल राहिली. पोचले तर हे मागच्या बाजूला वाकून, रोटरच्या पात्यांना गुंडाळलेली ठिबकची जुनी नळी उपसत होते. मला पाहून म्हणाले, "बरं झालं आलीस. कात्री आहे का?"

कात्री नव्हती. जे होतं ते मी ऐकवलं. अगदी मामांच्या शेतापर्यंत ऐकू गेलं. ह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. यापुढे उठायच्या आधी दोनदा हॉर्न वाजवायचा. दोन हॉर्न म्हणजे ठीक आहे, काम आहे, धावू नकोस. त्यानंतर आमच्या बागेतून अधूनमधून 'पीं पीं' ऐकू यायला लागलं आणि गावात बोलणं झालं, की पुण्याचे साहेब पेरूच्या झाडांनासुद्धा बाजूला व्हायला सांगतात.

हॉर्न यायचा. पण इंजिन बंद पडणं आणि हॉर्न वाजणं यांच्यामध्ये जी फट असते, ती मला ठाऊक होती. हे कधीकधी आधी उठायचे, मग आठवण होऊन वाजवायचे. तेवढ्या फटीत मी काय काय पाहून घ्यायचे, ते सांगण्यात अर्थ नाही. थांबणारा ट्रॅक्टर मीच हट्टाने घ्यायला लावला होता आणि आता तो थांबला, की माझाच जीव जात होता.

थंडीत हे म्हणाले, "तूही शीक. क्लच नाही, गिअर नाही, तुला जमेल."

"कौतुक करताय की अपमान?"

"बस तर खरी."

मी पदर खोचून बसले. ह्यांनी चिंचेखाली माझी जागा घेतली, काठी खोडाला टेकवून ठेवली. पंजाने पेडल दाबलं आणि ट्रॅक्टर निघाला. माझ्या पायाखाली एवढं मोठं यंत्र हलतंय, मी पाय दाबला की जातंय, सोडला की थांबतंय, याची मला लहान मुलासारखी गंमत वाटली. पहिली ओळ वाकडी गेली, दुसरी बरी. तिसऱ्या ओळीत, पार पलीकडच्या टोकाला, एका फांदीने माझा चष्मा ओढून घेतला. चष्म्याशिवाय मला समोरचं झाडसुद्धा धड दिसत नाही. मी थांबवला आणि चष्मा शोधायला खाली उतरले. मागे इंजिन बंद पडलं. मला त्याचं काही वाटलंही नाही. मी वाकून माती चाचपत होते.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या कानांना कसली तरी चाहूल लागली. मोकळ्या मातीत कोणीतरी येत होतं, एक पाऊल टाकलेलं, एक ओढलेलं. मी उभी राहिले. दोन ओळींच्या मधून एक पांढरा ठिपका डावीउजवीकडे हेलकावत येत होता. तो झाडाला धरत होता, सोडत होता, पुढच्या झाडाला धरत होता. पावलांच्या मधे काठी रोवल्याचा आवाज नव्हता. आजारपणानंतर हे इतक्या वेगाने चाललेले मी पाहिले नव्हते, आणि तेही नुकत्याच उकललेल्या मातीत, जिथे धडधाकट माणसाचा पाय रुततो.

"अहो, हळू!" मी ओरडले. "चष्मा पडलाय नुसता!"

हे थांबले नाहीत. ट्रॅक्टरपर्यंत आले, मडगार्डला धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. डोक्यापासून पायांपर्यंत, पायांपासून डोक्यापर्यंत. छाती भात्यासारखी हलत होती. शेवटी म्हणाले, "हॉर्न?"

"विसरले."

हे हळूहळू खाली बसले, तिथेच मातीत, मागच्या चाकाला पाठ टेकून. मी जवळ जाऊन बसले. मला दिसत नव्हतं, म्हणून मी हाताने ह्यांचा चेहरा चाचपला. गाल ओले होते.

"तुला असं होतं?" ह्यांनी विचारलं.

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

लांब मामांच्या विहिरीवरचा पंप चालू होता, तेवढाच आवाज. मग ह्यांनी आपला हात माझ्यापुढे केला. घरात, दवाखान्यात, जिन्यात, इतक्या महिन्यांत ह्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. पडले तरी भिंतीला धरून स्वतःच उठायचे आणि आम्ही बाजूला उभे राहून पाहायचो.

"उठव मला," हे म्हणाले.

मी दोन्ही हातांनी तो हात धरला.